गंजाचा कणही नको

४ जानेवारी

आज निर्णय घेतला. आता मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि लगेच इथे लिहायला बसलो, म्हणजे मागे वळून बघायची सोय झालीच.

मामांची गाडी नीट करायची आणि विकायची. मामांना मूल नव्हतं. त्यांच्यामागे गाडी माझ्याकडे आली आणि गेली सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. छापखाना बंद झाल्यावर मिळालेली रक्कम बँकेत आहे. बावीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. आता पुस्तकं तिथे छापली जात नाहीत आणि चुका कुणाला खुपत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मुद्रितशोधक हवा आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सकाळी अर्ज करतो, दुपारी पडदा ओढून पडून राहतो.

हिशोब असा. हातातल्या पैशांतून लेकीची पहिल्या वर्षाची फी भरली तर पुढे काही उरत नाही. त्यातले निम्मे गाडीत घातले आणि मेपर्यंत गाडी विकली तर फी निघते आणि वर दोन वर्षांचा घरखर्चही. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ काल येऊन गेले. दंतवैद्याकडे असतो तसा दांडीला लावलेला छोटा आरसा घेऊन ते अर्धा तास गाडीखाली होते, म्हणून मी त्यांना मनात 'आरसेवाले' म्हणतो. बाहेर येऊन म्हणाले, "सांगाड्यावरचा नंबर, इंजिनाचा नंबर, कागद, सगळं जुळतंय. व्यवस्थित करून आणा. मी घेतो." मी नंबर त्यांच्या तोंडून उतरवून घेतला आणि कागदाशी अंक न् अंक ताडून पाहिला. तो नेमका कुठे कोरलाय हे बघायला मात्र वाकलो नाही. पँट धुतलेली होती.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि नाही विकली गेली तर?"

"विकली जाईल."

"तुला हे करायचंय का?"

"आकडे बघता परवडेल असं वाटतं."

"ते नाही विचारलं मी," म्हणाली. मग म्हणाली, "कर मग."

हा होकार होता की कंटाळा, ते मला कळलं नाही.

११ जानेवारी

गाडी ओढून डेंटरच्या शेडमध्ये नेली. पत्र्याचं काम, रंग आणि बडबड, तिन्ही गोष्टी तो एकटाच करतो. मेकॅनिक शेजारच्या गाळ्यात. डेंटरने गाडीला एक फेरी मारली, बोटाच्या पेराने चार ठिकाणी ठोकून पाहिलं.

"सर, म्हातारीचे दात गेलेत, पण हाडं धरून आहेत."

मी लेखी अंदाजपत्रक मागितलं. त्याने पॉलिश पेपरच्या पाठीवर पाच ओळी लिहून दिल्या. तीन शब्द चुकलेले होते. मी गप्प बसलो, याची नोंद असावी.

"हा अंदाज आहे बरं का," तो म्हणाला. "खरं काय ते म्हातारी उघडल्यावर सांगेल."

मी एकच अट घातली. गंज झाकायचा नाही. पुट्टी भरून वरून रंग मारला की दोन वर्षांत फुगून बाहेर येतो, हे मी वाचलं आहे. गंज दिसेल तिथला पत्रा कापायचा आणि नवा जोडायचा.

"कणही नको," मी म्हणालो.

"कणही म्हणजे कणही?"

"कणही."

"मग खिसा मोठा ठेवा."

घरी येताना बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणाला तरी स्पष्ट सूचना दिली होती.

खर्च: ओढून आणणं, आगाऊ रक्कम, शेडचं पहिल्या महिन्याचं भाडं.

३ फेब्रुवारी

म्हातारी उघडली आणि बोलायला लागली. चालकाच्या पायाखालचा पत्रा पायपुसण्यामुळेच टिकून होता. डेंटरने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, पुढच्या चाकांवरच्या आतल्या पट्ट्या, सगळीकडे तेच. डेंटर प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "हेही?" आणि मी म्हणायचो, "हेही." खडूने मीच रेघा मारल्या. मुद्रितावर खुणा करतो तशा समासापर्यंत नेऊन. त्याचं कटर रेघेवरून सरळ जातं, हे बघायला फार छान वाटतं.

दुपारी भंगारवाला येऊन कापलेले तुकडे गोणीतून घेऊन गेला. पाठ हलकी झाल्यासारखं वाटलं.

अंदाज दीडपट झाला आहे. घरी 'थोडा वाढला' असं सांगितलं. हे खोटं नाही. पण खरं म्हणावं असंही नाही.

बायको सकाळी मला डबा देताना म्हणते, "निघालास माहेरी?" लेकही तेच म्हणायला लागली आहे. शेडमध्ये जातो म्हणून कुणी रागावत नाही, हे जरा खटकतं. रागावण्याइतकीही अपेक्षा उरली नसेल का?

१९ फेब्रुवारी

बायको या महिन्यापासून संध्याकाळी चालायला जाऊ लागली आहे, मैत्रिणीबरोबर. तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून परस्पर जाते, यायला आठ वाजतात. दिवसभर लोकांचे खांदे-गुडघे सोडवणाऱ्या बाईला वर चालायची हौस कुठून येते, देव जाणे. मला वाटतं, मी दिवसभर पत्र्याच्या कथा साठवून घरी येतो आणि तिला त्या ऐकायच्या नसतात. मी बोलणं कमी करायला हवं.

डाव्या बाजूचा मूळ दिवा एका दुकानात सापडला. किंमत ऐकून मी विचारलं, गाडीसकट का? दुकानदार हसला नाही. साधा दिवा त्याच्या विसाव्या हिश्श्यात मिळतो. पण आरसेवाल्यांना तो दिसणारच. घेतला. पेटत नाही, ते नंतर कळलं.

१० मार्च

आज रविवार असून बायको शेडमध्ये आली. डेंटरने घाईघाईने तिच्यासाठी खोकं पुसलं. "या वहिनी, ही बघा तुमची म्हातारी." गाडीत तेव्हा सीटही नव्हती, नुसता सांगाडा. ती खोकं घेऊन आत गेली, सीट असते तिथे ठेवून बसली, मागे टेकली आणि डोळे मिटले. बराच वेळ तशीच. मी डेंटरला कटर बंद करायला सांगितलं.

मला वाटलं, किती पैसे गेले याचा ती अंदाज घेते आहे. उठून म्हणाली, "सीट चांगल्या करून घे. कंजूषपणा करू नकोस."

सीटचाच प्रश्न होता. रेक्झिन की कातडं? मूळ कातडं आहे. सगळा दिवस घोळ घातला आणि कातडं सांगितलं. ती म्हणाली म्हणून सांगितलं की मलाच हवं होतं म्हणून, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

घरी तिने उजवं मनगट बराच वेळ गरम पाण्यात धरलं. विचारलं तर म्हणाली, वय झालं. कट्ट्यावर गुलाबाची नवी कुंडी दिसते आहे. मैत्रिणीने दिली म्हणाली.

२७ मार्च

आज फीच्या पैशांना हात लावला.

इंजिन उतरवून पुन्हा बांधायचं आहे. मेकॅनिक म्हणतो, अर्धं करून उपयोग नाही. काम थांबवलं तर आजवरचे सगळे पैसे बुडतात, कारण अर्धवट उघडलेली गाडी आधीपेक्षाही कमी किमतीची असते. म्हणजे आता थांबणं हेच सगळ्यांत महाग. हा युक्तिवाद मी तीनदा तपासला, त्यात चूक सापडत नाही. जुगाऱ्याच्या युक्तिवादातही सापडत नसावी.

घरी सांगितलं नाही. लेक प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आहे. तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, म्हातारी कशी आहे?" मी म्हणालो, मजेत.

२० एप्रिल

रंग झाला. डेंटरने दिव्याखाली हात फिरवून दाखवलं आणि चक्क काही बोलला नाही. गर्द हिरवा, मामांच्या वेळचाच. दारात उभं राहिलं की स्वतःचा चेहरा दिसतो, आणि तो मला तितकासा केविलवाणा वाटला नाही.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी मेकॅनिकला मिठी मारली, शर्टचं वाटोळं झालं.

आरसेवाल्यांना फोन केला. त्यांना १२ मे सोयीची आहे. जानेवारीत सांगितलेला आकडा त्यांनी स्वतःहून पुन्हा सांगितला. त्या आकड्यात सगळं बसतं. फी, डेंटरची उरलेली मजुरी, सगळं. खूप हायसं वाटलं.

६ मे



आरसेवाल्यांनी नंबरचा फोटो आधी पाठवायला सांगितला होता. मी शेडमध्ये जाऊन डेंटरला म्हणालो, नंबर कुठाय दाखव. तो म्हणाला, असेल की पुढे कुठेतरी. आम्ही दोघं बॅटरी घेऊन वाकलो. उजव्या पुढच्या चाकावरची आतली पट्टी. मामांच्या कागदांतल्या आकृतीत तिथेच बाण आहे. पट्टी नवी कोरी. हिरवी. गुळगुळीत.

फेब्रुवारीतली खडूची रेघ आठवली. ती मीच मारली होती. डेंटरने विचारलं होतं, "हेही?" आणि मी म्हणालो होतो, "हेही." गंजलेल्या पट्टीच्या खालच्या अंगाला अंक होते, आरसा धरणाऱ्यालाच दिसतील असे. त्याला दिसले नाहीत, मला दिसले नाहीत. बावीस वर्षं मी चुका काढल्या, आणि इथे नेमकं बरोबर होतं तेच काढून टाकलं.

भंगारवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "साहेब, ते फेब्रुवारीतच वितळलं."

७ मे

डेंटरने स्टूल पुढे ओढलं.

"सर, ऐका. माझ्याकडे अंकांचे पंच आहेत. कागदावर नंबर आहे. गाडी तीच आहे. तोच नंबर त्याच गाडीवर ठोकायचा. ह्यात खोटं काय?"

खरंच, काय खोटं आहे? मजकूर बरोबर असेल. पण मूळ प्रत म्हणून विकायची आणि आत आपल्या अक्षरात एक पान घालायचं, असं काहीतरी ते आहे. विचार करून सांगतो म्हणालो. 'नाही' म्हणालो नाही. हे लिहून ठेवणं भाग आहे.

बायको आठला आली. जेवताना डुलक्या घेत होती. चालण्याचा एवढा थकवा? डॉक्टरांना दाखव म्हणालो तर हसली.

१२ मे

आरसेवाले दहा वाजता आले. फोटो पाठवला नव्हता, समोरासमोर सांगायचं ठरवून गेलो होतो. पण ते आल्या आल्या गाडीभोवती फिरू लागले, दारं उघडून-मिटून आवाज ऐकू लागले, कातड्यावरून हात फिरवू लागले, आणि मी एकेक मिनिट पुढे ढकलत राहिलो. मग त्यांनी आरसा काढला, वाकले, आणि म्हणाले,

"वा. नंबर व्यवस्थित आहे."

मी डेंटरकडे पाहिलं. डेंटर छताकडे बघत होता.

आरसेवाल्यांनी उभं राहून हात पुढे केला. "अभिनंदन. ठरला सौदा."

तो हात माझ्यासमोर होता. लेकीची फी त्या हातात होती. शेवटी माझ्या तोंडून जे निघालं ते वाक्य फार वाईट रचनेचं होतं. "तो नंबर आहे, पण तो तो नाही."

मग सगळं सांगितलं. खडूची रेघही. डेंटरने ठोकलं हे सांगितलं नाही, 'आम्ही' म्हणालो.

त्यांनी हात हळूच मागे घेतला, रागाने नाही. "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं," म्हणाले. "निदान काही दिवस." मग रुमालाने आरसा पुसत म्हणाले, "मी खरं तर नंबर विकत घेतो हो. गाडी त्याच्याबरोबर येते. वाहन कार्यालयात जा, हे घासून काढा, खरं सांगून अर्ज करा. ते नवा नंबर ठोकून देतात आणि शेजारी एक खूण करतात. गाडी रस्त्यावर येईल. पण ती खूण कायमची."

"आणि किंमत?"

"माझ्यासाठी नाहीच. दुसरा कुणी निम्म्याहून कमी देईल."

ते गेल्यावर डेंटर फुटला. "डोकं फिरलंय का तुमचं? हात पुढे केला होता त्यांनी! चार दिवस मी पोटावर झोपून ते अंक ठोकले, जुने दिसावेत म्हणून ॲसिड लावलं!"

"मी सांगितलं होतं का?"

"नाही सांगितलं." मग आवाज खाली आला. "माझ्या कटरने गेला होता सर. म्हटलं, माझ्याच हाताने परत यावा."

मला त्याच्यावर रागावता येईना.

१३ मे

घरी सगळं सांगितलं. फीच्या पैशांचंही.

बायकोने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "ते हात पुढे करून उभे होते तेव्हा सांगितलंस?"

"हो."

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी घाबरलो. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं. तूच आहेस अजून."

"फीचं काय करायचं?"

"बघू."

'बघू' हा शब्द तिने इतक्या शांतपणे कसा उच्चारला, याचा मी सकाळपासून विचार करतो आहे. धक्का बसला की माणसं अशी वागतात, असं वाचलं आहे.

२९ जून

लेकीला प्रवेश मिळाला आहे. मी गेले सहा आठवडे कर्जासाठी फिरतो आहे. नोकरी नसलेल्याला कुणी उभं करत नाही. आज धीर करून तिला समोर बसवलं आणि म्हणालो, फीची मुदत चार दिवसांवर आली आहे, तू एक वर्ष थांबशील का?

"बाबा, फी तर आईने मागच्या आठवड्यात भरली."

"कशातून?"

"संध्याकाळचे पेशंट. घरोघरी जाते ना ती, फेब्रुवारीपासून." मग तिचा आवाज बदलला. "तुला माहीत नाही?"

"मला वाटलं चालायला जाते."

"चालतच जाते रे बाबा. रिक्षाचे पैसे वाचवायला."

मनगट. गुलाबाची कुंडी, कुणा पेशंटनेच दिलेली असणार. खोक्यावर मिटलेले डोळे. पाच महिन्यांची मुद्रितं माझ्यासमोर होती, आणि मी एकही ओळ नीट वाचली नव्हती.

ती आठला आली. मी दारातच विचारलं, का नाही सांगितलंस?

ती चपला काढत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गाडी थांबवली असतीस."

"थांबवायलाच हवी होती!"

"तू चार महिने दुपारी पडदा ओढून झोपत होतास. मग एक दिवस आलास तो कोपरापर्यंत ग्रीस लावून, आणि अख्ख्या जेवणात स्क्रूड्रायव्हर कसा आत गेला ते सांगत होतास. हाताने करून दाखवत होतास. तेव्हा ठरवलं, फीचं मी बघते."

पाणी गरम करून आणलं, तिच्या मनगटासाठी.

९ जुलै

वाहन कार्यालयात नवा नंबर ठोकून मिळाला. शेजारी छोटा तारा. अधिकाऱ्याने विचारलं, मूळ नंबर कसा गेला? मी म्हणालो, अति काळजीने. त्याने अर्जात 'गंजामुळे' लिहिलं.

एक फोटोस्टुडिओवाला गाडी घेतो आहे. तारा दाखवला, त्याला फरक पडत नाही. किंमत निम्म्याहून कमी. डेंटरची बाकी फिटेल, थोडं उरेल, बरंचसं बुडालं. रविवारी येऊन घेऊन जाईल. डेंटरने मला विचारलं आहे की, गिऱ्हाइकांना लेखी अंदाजपत्रकं द्यायला आणि कापण्याआधी कागद तपासायला मी येईन का. पगार हसण्यासारखा आहे. हो म्हणालो.

१२ जुलै

गाडी रविवारपर्यंत माझीच आहे, म्हणून बायकोला तिच्या पेशंटकडे आज मी घेऊन गेलो.

पहिल्या घरी एक म्हातारे गृहस्थ आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नसतात. त्यांना खिडकीतून गाडी दिसली. आतून बायकोचा आवाज आला, "आजोबा, फाटकापर्यंत आलात तर आत बसू देईन." आजोबा शिव्या देत आले. एक पाय ओढत, भिंत धरत, पण आले. आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "दिवा मूळचाच दिसतोय?" मी म्हणालो, हो, पण पेटत नाही. "मूळचे नाहीच पेटत," ते म्हणाले.

तिसऱ्या घरून निघालो तेव्हा उन्हं कलली होती. ती मागे टेकून बसली, म्हणाली, "कातडं केलंस ते बरं केलंस," आणि दोन चौक जाईपर्यंत झोपून गेली. तोंड किंचित उघडं, उजवा हात मांडीवर उताणा.

आमच्या घराचं वळण आलं. थांबलो की ती जागी होणार होती. मी वळलो नाही. सरळ गेलो, मग मोठा वळसा, मग पुन्हा तोच रस्ता, कमी वेगात, खड्डे चुकवत. घर तीनदा आलं, तीनदा गेलं. दिवे लागेपर्यंत फिरत होतो.

पेट्रोल किती जळलं ते लिहीत नाही.